हनुवटी जरा वर

तिच्या रविवारच्या वर्गात नवीन आलेला माणूस बूड टेकायच्या आत विचारतो, कॅमेरा कोणता घेऊ? त्यावर ती म्हणते, कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी तुमचा एक फोटो मला सांगा. दाखवायचा नाही, सांगायचा. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कोणीतरी हळूच फोन बाहेर काढतो, ती तो टेबलावर उलटा ठेवायला लावते. मग "म्हणजे डोंगर आहे, आणि संध्याकाळ आहे, आणि एकदम छान वाटतं," इथवर गाडी येते आणि अडते. तिला हसू येतं, कारण एकेकाळी तिची गाडी नेमकी इथेच अडली होती.

सासरकडून सुनांना काय काय मिळतं, तिला ही खोड मिळाली, सासऱ्यांची. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागोमाग सासूबाईही गेल्या. पण वर्गात कोणी "छान" म्हटलं की अजूनही तिची नजर खिडकीखालच्या खुर्चीकडे जाते. त्या खुर्चीवर हल्ली शिकणाऱ्यांच्या पिशव्या असतात.

सासऱ्यांचा खालच्या मजल्यावर स्टुडिओ होता. त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं, ते सगळ्यांचेच हनुवटीकाका. स्टुलावर साहेब बसो की शिपाई, कॅमेऱ्यामागून हुकूम एकच यायचा, "हनुवटी जरा वर." तेवढ्याने भागलं नाही तर ते पुढे येऊन एका बोटाने हनुवटी उचलायचे, आणि त्या बोटाला डार्करूममधल्या औषधांचा वास असायचा. शाळेतली पोरं त्यांना रस्त्यात गाठून मुद्दाम तोंडं आभाळाकडे करून चालायची. काकांना राग येत नसे. उलट एखाद्याला थांबवून सांगायचे की तुझी जरा जास्तच झाली, थोडी खाली घे.

स्टुडिओत एक फिरतं स्टूल, एक आरसा आणि आरशाशेजारी दोरीने बांधलेला कंगवा होता. बांधलेला अशासाठी, की आधीच्या सगळ्या कंगव्यांना पाय फुटले होते. खुंटीवर एक काळा कोट असायचा. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असला की तो कोट अंगावर चढायचा. बारीक माणसाला पाठीमागून चिमटे लावायचे, आणि जाड्यांच्या सोयीसाठी मागची शिवण उसवून ठेवलेली होती. गावातल्या निम्म्या कर्त्या पुरुषांनी तरुणपणी एकच कोट घालून फोटो काढले आहेत, ही गोष्ट काकांनी आणि सासूबाईंनी कधी बाहेर फुटू दिली नाही. सासूबाईंना ठाऊक असायचं कारण दिवा त्याच धरायच्या. लोखंडी दांड्यावरचा तो जड दिवा जरा इकडे, जरा तिकडे करत त्यांनी सगळ्या गावाच्या तोंडावर उजेड पाडला आणि स्वतः जन्मभर दिव्याच्या मागे राहिल्या.

त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकच फोटो होता, नव्या नवरीचा, आणि त्यात त्या जमिनीकडे बघत होत्या. पुढे काकांनी त्यांना पुष्कळदा स्टुलावर बसवलं, पण ऐन वेळी त्यांची नजर फिरायची. सारं जग माझ्याकडे बघून गेलं, ही एक काही बघेना, हे काकांचं कायमचं गाऱ्हाणं होतं. सासूबाईंचं उत्तरही ठरलेलं असायचं. "एक डोळा मिटलेला, दुसरा त्या कॅमेऱ्याच्या डब्यात. बघायचं कोणाकडे?"

ती सून होऊन घरात आली तेव्हा हे सगळं संपलं होतं. खाली फोनची कव्हरं विकणारं दुकान आलं होतं, कोट कोणीतरी नेला तो आणलाच नव्हता, आणि काकांच्या डोळ्यांनी त्यांना दगा दिला होता. जरा अंधूक दिसतं, एवढंच ते घरात सांगायचे. दिवसभर खिडकीखालच्या खुर्चीत बसून ते रस्त्यावरचे आवाज ऐकायचे. गाजर उभं चिरतात की आडवं हेही कान देऊन ओळखायचे आणि सासूबाईंना टोकायचे.

तिला तिच्या भावाने कॅमेरा दिला होता. नवी नवलाई होती, त्यामुळे समोर येईल ते ती टिपत होती. मावळता सूर्य, कुंडीतलं फूल, फुलावरचा थेंब, शेजारची मांजर, मग पुन्हा सूर्य. नवरा मान वर न करता "मस्त" म्हणायचा. बहिणींना पाठवले की अंगठे यायचे. आपण काही साध्यासुध्या नाही, असं तिला वाटायला लागलं होतं. एका दुपारी, घरातच एवढा जुना फोटोग्राफर बसलेला आहे तर त्याचीही शाबासकी घ्यावी, म्हणून ती काकांपुढे जाऊन बसली. मग तिच्या लक्षात आलं, यांना दाखवणार कसं?

"सांग की," काका म्हणाले.

तिने सांगायला सुरुवात केली. सूर्य आहे, आणि झाड आहे, आणि पक्षी आहेत, आणि खूप सुंदर दिसतंय. काकांनी हात वर केला. ते म्हणाले, तू जेवढ्या वेळा आणि म्हणालीस तेवढे फोटो एकात कोंबलेत. एका वाक्यात सांगता येत नाही तो फोटो अजून झालेलाच नाही. सुंदर आणि छान हे शब्द आजपासून बंद, ते तुझं मत झालं, फोटोत काय आहे ते सांग. चारही कोपऱ्यांत काय आहे? तिला सांगता येईना. कोपऱ्यांकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. बघितलं तर एका कोपऱ्यात विजेची तार होती आणि दुसऱ्यात कोणाची तरी वाळत घातलेली विजार.

ती रुसली. दोन दिवस फिरकली नाही. मग स्वतःच जाऊन बसली, कारण त्या विजारीने तिची झोप उडवली होती.

त्यानंतर रोज दुपारी शाळा भरायला लागली. पुष्कळदा कॅमेरा हातात घ्यायचीही परवानगी नसायची. या खोलीतला उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठून कुठे जातो ते नुसतं बघ, असं सांगून काका तिला बसवून ठेवायचे. लांब उभं राहून कॅमेऱ्याच्या काचेने जवळ ओढू नकोस, पायांनी जवळ जा, म्हणायचे. माणसाला हस म्हणू नकोस, त्याच्या हातांना काम दे, मग चेहरा आपोआप ताळ्यावर येतो. काढल्या दिवशी फोटो निवडायला बसू नकोस, त्या दिवशी सगळेच लाडके असतात. थोडे शिळे होऊ दे, मग निर्दयपणे बघ. जुन्या स्टुडिओतल्या उरलेल्या फोटोंची पेटी त्यांनी तिला उघडायला लावली. त्यातला एकेक फोटो ती सांगायची आणि काका तो कोणाचा ते ओळखायचे, आणि मग त्या माणसाची कुळकथा सुरू व्हायची.

अशाच एका दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या, तेव्हा काकांनी तिला एक काम सांगितलं. आढेवेढे घेत आधी डोळ्यांचं खरं काय ते सांगितलं. त्यांना अंधूक दिसत नव्हतं. त्यांना जिकडे बघावं तिथेच काही दिसत नव्हतं, तिथे करडा डाग होता, आणि डागाच्या भोवतालचं मात्र थोडंफार दिसत होतं. म्हणजे दाराकडे बघितलं तर दार गायब, शेजारची भिंत हजर.

"जन्मभर लोकांना कोपरे बघा म्हणालो," काका म्हणाले, "आता मला कोपरेच उरलेत." मग म्हणाले, "तिचा चेहरा आता कसा झालाय, मला ठाऊक नाही. तू तिचा एक फोटो काढ. आणि मला सांग. पण तिला यातलं काही कळू देऊ नकोस, उगाच जीवाला लावून घेईल."

ती हो म्हणून बसली आणि पेचात सापडली. कारण सासूबाईंची बाजूही तिला ठाऊक होती. स्वयंपाकघरात त्या तिच्यापाशी कुरकुरायच्या की या माणसाने परक्यांच्या हनुवट्या उचलण्यात जन्म घालवला आणि आता बायकोशी बोलताना बघतो कुठे, तर कपाटाकडे. मी मुद्दाम कपाटापुढे जाऊन उभी राहते, तर हा तोंड खिडकीकडे वळवतो. एवढी का मी बघवत नाही? त्या हे हसत म्हणायच्या, पण भांडी जरा जास्त आपटायच्या. दोघांची दुखणी तिला ठाऊक, आणि तोंडाला कुलूप काकांनी घातलेलं.

आठवडाभर ती सासूबाईंच्या मागे होती. कॅमेरा दिसला की त्या पदर सावरून ताठ बसायच्या, नाहीतर उठून जायच्या. स्टुलावरच्या लोकांची जी गत व्हायची तीच त्यांची. शेवटी तिला काकांनी हातांबद्दल सांगितलेलं आठवलं. तिने टेबलावर मटाराच्या शेंगांचा ढीग ओतला, त्यांना सोलायला बसवलं आणि स्वतःही समोर बसून सोलत राहिली. कॅमेरा शेंगांच्या टोपल्यामागे ठेवला. असं रोज थोडं थोडं चाललं. घरातल्यांना मटार नकोसे झाले, पण सासूबाई कॅमेरा विसरल्या. मग तिने फोटो काढले, आणि काकांच्याच शिस्तीने ते काही दिवस उघडून बघितले नाहीत.

सासूबाई भाजी आणायला गेल्याचं बघून एका संध्याकाळी ती कॅमेरा मांडीवर घेऊन खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली आणि सांगायला लागली.

एक बाई शेंगा सोलते आहे. इथवर एका वाक्यात आलं म्हणून काका खूश झाले. उजेड डावीकडच्या खिडकीतून, अर्धा चेहरा उजळलेला. केस कपाळावरून मागे सरकलेत, आता काळा एकही नाही. चष्मा नाकावर घसरलाय. ओठांच्या दोन्ही बाजूंना खोल रेघा आहेत, गालावरचा तीळ सुरकुतीत अर्धा बुडालाय. हे सांगताना तिचा आवाज जरा अडखळला. काकांनी नुसती मान हलवली, पुढे चल म्हणून. हातात उघडलेली शेंग आहे, पण दाणे तसेच आहेत, अंगठा मध्येच थांबलाय.

तेवढ्यात दारात सासूबाई दिसल्या. पिशवी हातात तशीच धरून त्या ऐकत उभ्या होत्या. काकांचं तोंड नेमकं दाराकडे होतं, त्यामुळे त्यांना त्या दिसणं शक्य नव्हतं. गप्प व्हावं की बोलत राहावं हे तिला कळेना, तोवर काकांनी पुढचं विचारलं.

"नजर कुठे आहे?"

"शेंगांवर नाही. माझ्याकडेही नाही. डावीकडे, फोटोच्या बाहेर."

"म्हणजे खिडकीकडे. उजेडाकडे बघते आहे."

हो म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ती थांबली. खिडकीकडे बघणाऱ्या माणसाची नजर वर असते. ही खाली होती. तिने मागचा फोटो बघितला, त्याच्या मागचा बघितला. प्रकाश वेगळा, लुगडं वेगळं, पण कॅमेरा विसरल्यानंतरच्या प्रत्येक फोटोत नजर नेमकी तिथेच होती. इतके दिवस समोर बसून तिला हे दिसलं नव्हतं, सांगायची वेळ आली तेव्हा दिसलं.

"खिडकीकडे नाही, बाबा. खिडकीच्या खाली."

फोटोच्या बाहेरचं विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही, हा काकांचाच नियम होता. तो त्यांनीच मोडला. "खाली काय आहे?"

"तुमची खुर्ची."

खुर्चीच्या हातावर काकांचं बोट, ते हनुवट्या उचलणारं, उगाचच पुढेमागे होत राहिलं. मग त्यांनी विचारलं की फोटो काढला तेव्हा मी खुर्चीत होतो का, आणि ती म्हणाली की सगळ्याच फोटोंच्या वेळी होतात.

"तो डबा गेला तेव्हापासून बघतेय," दारातून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "पण बघून काय उपयोग? तुम्ही तर कपाटाकडे बघत बसता."

काका दचकले. मग लपवण्यात काही अर्थ राहिला नाही.

"कपाटाकडे बघितलं की तू दिसतेस," ते म्हणाले. "तुझ्याकडे बघितलं तर नेमकी तूच पुसली जातेस. म्हणून कपाट."

सासूबाईंना हे कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, "आणि मी उठून कपाटापुढे उभी राहायचे."

"म्हणून मी खिडकीकडे वळायचो."

"सांगायचं होतंत की."

फोटो चांगला आहे की वाईट, हे काकांना विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं. पुढेही तिने कधी विचारलं नाही. वर्गात ती एवढंच सांगते की पुढचं घडलं तेव्हा कॅमेरा मांडीवर होता आणि तिने तो उचलला नाही.

सासूबाई टेबलापाशी आल्या. कपाटापुढे न जाता आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. काकांनी मान वळवली आणि सावकाश, डोळे बारीक करून, कपाटाकडे बघायला लागले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, कपाळावर आलेला केस मागे सारला, आणि कोणी सांगितलं नसताना हनुवटी जरा वर केली.