मारुतीची पात

पुराच्या मदतीला निघालेला आमचा लष्करी कॉलम नदीकाठच्या त्या गावात पोहोचला तेव्हा सकाळचे सहा चाळीस झाले होते. पंचगंगेचं पाणी आदल्या दिवशी उतरलं होतं. बोटींचं काम संपलं, आता गाळाचं सुरू. मी तेव्हा इंजिनिअर रेजिमेंटमध्ये नायब सुभेदार होतो. हाताखाली पंधरा जवान. त्यांत नाईक मारुती, गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीचा. माझ्याच जिल्ह्यातला, म्हणून त्याला माझ्याकडून दोन शिव्या जास्त मिळायच्या.

ऑर्डर साधी होती. शाळा, दवाखाना आणि रस्ता मोकळा करायचा. घरं गावकऱ्यांनी बघायची. त्यांनी पैरा लावला होता. पैरा म्हणजे आज तुझ्या रानात मी राबतो, उद्या माझ्या रानात तू, मजुरी नाही. एरवी पेरणी-कापणीला लावतात, इथं गाळ उपसायला लावला होता. रोज एक गल्ली. शिस्त आमच्यापेक्षा बरी होती, पण हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

चौथ्या दिवशी दुपारी मारुती माझ्यासमोर सावधान उभा राहिला.

"साहेब, त्या अक्काताईंचं घर ऱ्हायलंय."

अक्काताई म्हणजे सत्तरी ओलांडलेली, एकटी बाई. शाळेच्या पायरीवर बसून असायची. गाव तिचंही घर काढायला तयार होतं, हीच ऐकत नव्हती. "माझ्यानं आता खोरं उचलत न्हाय. तुमचा पैरा मी कसा फेडू?" एवढं एकच बोलायची. घरात गुडघाभर गाळ आणि ही हटून बसलेली.

"ऑर्डरमध्ये घरं न्हाईत," मी म्हणालो.

"जेवणाची सुट्टी हाय न्हवं, साहेब."

तीन दिवस आम्ही जेवणाच्या सुट्टीत तिचं घर उपसलं. पहिल्या दिवशी ती दारात आडवी आली. मारुतीनं खोरं खाली ठेवलं.

"आमचं नेसरीला भाताचं रान हाय, आक्का. कापणीला या. पैरा फिटला."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "येतो की," म्हणाली आणि वाटेतून बाजूला झाली.

जवान हसले. मी मारुतीला बाजूला घेऊन झापलं. "म्हाताऱ्या माणसाची थट्टा करतोस व्हय रं?"

"थट्टा न्हाय, साहेब. फुकट म्हटलं तर ती त्या घरात पाय ठेवायची न्हाय."

तिसऱ्या दिवशी अक्काताईची चूल पेटली. आम्हाला तिनं बिनदुधाचा चहा पाजला. तो आम्ही कपाळावर आठी न आणता प्यायलो.

पुढच्या वर्षी आम्ही डोंगरात होतो. रस्ता उघडा ठेवायची ड्यूटी. सकाळी नऊ वीसला वरून दरड आली. मारुती पुढच्या वळणावर डोझरवर होता, मी खाली रेडिओवर. त्याच्या टोळीचं रेडिओवरचं नाव ब्राव्हो.

"ब्राव्हो, रिपोर्ट. ओव्हर."

उत्तर नाही.

"ब्राव्हो, रिपोर्ट. ओव्हर."

तिसऱ्यांदा विचारल्यावर आवाज आला. "एक कॅज्युअल्टी. नाईक मारुती. ओव्हर."

मी "रॉजर" म्हणालो. दुसरं काही म्हणायची पद्धत नाही.

त्याची शवपेटी घेऊन मी नेसरीला आलो आणि रजा टाकून तिथंच राहिलो. त्याची बायको सुनीता भिंतीला टेकून बसलेली असायची. बोलणं बंद. सासरे अंथरुणाला खिळलेले. शेजारी दोन्ही वेळचं जेवण आणून देत होते, पण ज्याचं त्याचं भात रानात उभं होतं आणि आभाळ भरून येत होतं. मजूर मिळेना. एक पाऊस झाला असता, तर मारुतीच्या घरचं वर्षाचं पीक आडवं झालं असतं. मी एकटा विळा घेऊन किती कापणार होतो?

अठराव्या दिवशी सकाळी सात वाजता दारात दोन टेम्पो थांबले. पहिल्यातून दोघींनी धरून अक्काताईला उतरवलं. मागं चाळीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात विळा.

"सुभेदार, पेपरात फोटू बघिटला," ती म्हणाली. "मारुतीचा पैरा हाय आमच्यावर. रान कुठलं, त्येवढं दावा."

मला रडू फुटलं. अंगावर युनिफॉर्म नव्हता, म्हणून आवरलंही नाही.

कापणीत प्रत्येकाच्या वाट्याला रानाचा एक उभा पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. बारा वाजेपर्यंत सगळ्या पाती संपल्या. कडेची एक तेवढी राहिली. मी विळा घेऊन निघालो, तर अक्काताई बांधावरून ओरडली, "थांबा! ती मारुतीची पात हाय."

मग ती मारुतीच्या घरी गेली. काय बोलली ठाऊक नाही. पण सुनीताला हाताला धरून घेऊन आली आणि विळा तिच्या हातात दिला. सुनीता रडत रडत ती पात कापत गेली. कुणी मदतीला गेलं नाही, कुणी हललंही नाही.

शेवटची पेंढी ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं. "आक्का, आता माझ्यावर पैरा आला. तुमच्याकडं कवा यायचं?"

अठरा दिवसांतलं तिचं ते पहिलं वाक्य. माझा जीव भांड्यात पडला.

"उसात तण लई माजतंय. भांगलणीला ये की," अक्काताई म्हणाली.

सुनीता गेली. तेव्हापासून दोन्ही गावांचा पैरा चालू आहे. मी आता रिटायर होऊन उचगावात असतो, कापणीला न चुकता नेसरीला जातो. अक्काताई बांधावर बसून हुकूम सोडते आणि मी तो निमूट पाळतो.

कडेची पात दरवर्षी शेवटी ठेवतात. यंदा ती माझ्याकडे आली. नाईक मारुतीची पात. कापून झाली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.