कूळ विचारून काकडी

सगळ्या खानदेशात काकडीच्या फुलांचं कूळ विचारणारा माणूस एकच, आणि ते आमचे मामेसासरे. चाळीसगावात सगळे त्यांना आबा म्हणतात. पोटासाठी त्यांनी कापडाचं दुकान चालवलं, पण खरा धंदा लग्नं जुळवण्याचा, तोही फुकट. दारात आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या मिळण्याआधी कूळ सांगावं लागतं. एकाच कुळातल्या मुलामुलीचा विषय निघाला की आबा भरल्या ताटावरून उठतात. थकल्यावर दुकान पुतण्याकडे गेलं, लोक आपापली लग्नं मोबाइलवर जुळवू लागले, आणि आबांचं लक्ष अंगणातल्या काकडीच्या वेलाकडे वळलं.

काकडीच्या वेलावर आधी नर फुलं येतात, बारीक देठाची. मागून मादी फुलं येतात, त्यांच्या पाठीला बोटाच्या पेराएवढी काकडी चिकटलेलीच असते. नराचा पराग लागला नाही तर ती चिमुकली पिवळी पडून गळते. एरवी हे काम मधमाश्या करतात, पण आबांचा मधमाश्यांवर काडीचा भरवसा नाही. "माशीले कूळ समजस का?" असं म्हणत ते संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरतात आणि मामींच्या शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याने त्यांची तोंडं बांधून टाकतात. सकाळी आंघोळ करून, टोपी चढवून ते शेजारी पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांच्या कुंपणाशी उभे. चाचांचा वेल दुसऱ्या बियाण्याचा. "आव आबा, आज दो नवरदेव तयार है," चाचा आतूनच ओरडतात. मग तळहातावर फूल झाकून आबा असे जपून येतात की रस्त्यातली सायकलसुद्धा थांबते. नराच्या पाकळ्या सोलायच्या, मादीचा दोरा सोडायचा, तिला पराग लागतो ना लागतो तोच पुन्हा बांधायचं. "आबा, आपल्याच वेलावर एवढी नर फुलं आहेत की," असं मी एकदा म्हणून गेलो. आबा कळवळून म्हणाले, "जवाईबापू, एकच वेलवरनी फुलं ती. भाऊबहीण ना! त्यासनं लगीन कसं लावू?"

मला हसू आलं, पण त्या घरात यावर कुणी मोठ्याने हसत नाही. आबांच्या एकुलत्या एका मुलीने धुळ्याच्या मुलाशी लग्न केलं, आणि मुलगा निघाला आबांच्याच कुळातला. तेव्हापासून आबा तिच्याकडे गेले नाहीत आणि तिलाही बोलावलं नाही. मामी स्वयंपाकघरात तिच्याशी फोनवर बोलतात, तेव्हा आबा दाराच्या अलीकडे उभे राहून स्वच्छ चष्मा पुन्हा पुन्हा पुसतात. बाप-लेक एकदा समोरासमोर बसावेत, एवढीच मामींची इच्छा. म्हणायचं कुणी, हाच प्रश्न होता.

यंदा चाचांचा वेल त्यांच्याच बकरीने मुळापासून खाल्ला. मी त्या दिवशी तिथेच होतो. आबांच्या वेलावर दोन मादी फुलं दोरे बांधून तयार, आणि परक्या वेलावरचा नवरदेव कुठेच नाही. ही फुलं एका दिवसाची. दुपारनंतर मिटली की संपलं. आबा नुसते येरझारा घालत होते. मामी कणकेच्या हातानेच बाहेर आल्या आणि त्यांनी दोन्ही दोरे सोडले. आबा पुढे झाले तशा म्हणाल्या, "एक पोर गई. आते ह्या बी जाऊ देऊ का?" आबा ओट्यावर बसले. थोड्या वेळाने माश्या आल्या.

मग आबांनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली की या काकड्या कडू निघणार. काकड्या सरळ वाढल्या, तरी कडूच निघणार. मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी पहिली काकडी तोडली, टोक कापलं, मीठ लावून कितीतरी वेळ घासलं, आणि एक फोड तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. चवीबद्दल एक अक्षर नाही. दुसरी काकडी मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी वेलाकडे बघत विचारलं, "धुळाले कोणी जाई राह्यनं का?"

मामी म्हणाल्या, "तिले काकडी कोठे आवडस? धाकली व्हती तवयबी ताटमाईन काढी टाके."

आबांचा चेहरा एकदम लहान झाला. "मंग काय लई जाऊ?"

"तुम्हीच जा."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. धुतलेली टोपी, हात रिकामे. एसटी सुरू झाली तसे ते खिडकीतून वाकले आणि हळूच म्हणाले, "जवाईबापू, तिनं घर कोठे शे?"

मला फार वाईट वाटलं. तिच्याकडे माझं जाणंयेणं होतं; गाडी हलेपर्यंत मी पत्ता सांगत राहिलो. गल्ली, वळण, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, दाराचा रंगसुद्धा. आबा मान हलवत ऐकत होते, आणि त्यांचे ओठ माझ्यामागोमाग हलत होते.