दसऱ्याच्या सकाळी स्क्रीनवर आलेलं नाव

भूतखेत, करणी, देवदेवस्की... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. धारवाडकडच्या आमच्या केशवापुरात कुणाच्या अंगात आलं म्हणून सांगितलं तर तोंडावर हसणारा मी माणूस. त्यामुळे "काका, तुम्हीसुद्धा?" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. झालं ते झालं.

साल पंच्याऐंशी, फार तर शहाऐंशी. गोकुळ रोडवर पंपाच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. बारा वर्षं बेअरिंग, वॉशर आणि ग्रीसचे डबे! हाताचा वास साबणानंही जायचा नाही. त्या सुमाराला माझ्या मेहुण्यांनी मस्कतहून एक कॉम्प्युटर आणून दिला. आजच्या पोरांना हसू येईल — नुसता कीबोर्ड, वहीएवढा. स्क्रीन म्हणजे घरचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, आणि प्रोग्राम साठवायचे ते गाण्याच्या कॅसेटवर. पण मी त्या डबड्याच्या अक्षरशः प्रेमात पडलो.

ते डबडं सुरू करण्यात निम्मा वाटा वसंताचा होता, हे मान्य करायलाच पाहिजे. वसंता आमच्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन, राहायला उणकलला, माझा शाळेपासूनचा दोस्त. टीव्हीवर चित्र जुळवणं, टेपरेकॉर्डरच्या हेडचा बारीक स्क्रू फिरवून आवाज साफ करणं — ती कामं त्याची. कॅसेटवरून प्रोग्राम मशीनमध्ये घेताना टेपमधून कुईंऽऽ असा आवाज यायचा, आणि माझी बायको सुमन स्वयंपाकघरातून ओरडायची, "मांजर कोंडलंय काय हो त्यात?"

प्रोग्रामिंग मात्र मी एकट्यानं शिकलो, सोबत आलेलं जाडजूड पुस्तक वाचून. चार महिने खपलो आणि स्टोअरचा प्रोग्राम लिहिला. पार्टचा नंबर टाइप करायचा, तो कुठल्या रॅकवर कुठल्या खणात आहे ते समोर हजर! मालकांच्या कानावर गेलं, पण आम्हा दोघांपैकी नक्की कुणी लिहिलं ते नाही. त्यांनी ऑफिससाठी तसलंच मशीन मागवलं आणि आम्हा दोघांना म्हणाले, "दसरा झाला की शुक्रवारी दाखवा. पसंत पडलं तर कॉम्प्युटरचा वेगळा विभाग काढू, आणि ज्यानं केलंय त्यालाच तिथं बसवू." बारा वर्षांनी त्या ग्रीसमधून सुटका... त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या मशीनची वायर काढली की त्याच्या पोटातलं सगळं पुसलं जायचं. परत हवं असेल तर कॅसेट लावून पाच मिनिटं ते कुईं ऐकायचं. दुसरा मार्गच नव्हता. हे मी आजही कुणाशीही पैजेवर सांगेन.

खंडेनवमीला, आयुधपूजा म्हणतो आम्ही, हत्यारं-यंत्रं पुसून पुजायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. मी देव न मानणारा असलो तरी सुमनपुढं माझं काय चालतंय? आदल्या दिवशी प्रोग्राम कॅसेटवर उतरवला, वायर काढून गुंडाळून ठेवली. नवमीला सुमननं कीबोर्डला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. "कुंकू फटीत पडेल गं!" म्हणून मी कुरकुरलो, एवढंच. वसंता तेव्हा धारवाडला सासुरवाडीत होता.

दसऱ्याला सकाळी साडेनऊच्या सुमारास फुलं काढली आणि वायर लावली. एरवी कोरा स्क्रीन यायचा. त्या दिवशी एकदम माझा प्रोग्राम आला. कॅसेट तर कपाटात होती! एकेक ओळ माझी, जशीच्या तशी. फक्त पहिल्या ओळीत, जिथं मी माझं नाव घातलं होतं, तिथं वसंताचं नाव. दोन्ही बाजूंना तीन-तीन चांदण्या.

मी एकट्यानं पाहिलं असतं तर भास म्हणून सोडून दिलं असतं. पण सुमन चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अय्य, भावजींचं नाव कशाला घातलंय?" मी खसकन् वायर ओढली. परत लावली... स्क्रीन कोरा. कॅसेट चढवून बघितली, तर तिच्यावर माझंच नाव. चांदण्या-बिंदण्या काही नाही.

दुपारी वसंता आला, सोनं द्यायला. आपट्याऐवजी आमच्याकडे बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देतात. हातात पानं ठेवून त्यानं मिठी मारली, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु!" म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. मग माझ्याकडे बघून, "याक लेऽ, तोंड का पाडलंयस?"

मला राहवलं नाही. स्पष्टच विचारलं, "वसंता, माझ्या प्रोग्रामवर तुझं नाव घालायचं असं काही आहे का रे तुझ्या मनात?"

तो खो खो हसला. "डोकं फिरलं की काय तुझं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! सुमनवहिनी, ह्याला लिंबूसरबत द्या बघू."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! दसऱ्याच्या दिवशी वर्षाची भांडणं मिटवायची, आणि मी बन्नी हातात घेऊन शाळासोबत्यावर संशय घेत होतो. तेही कशावरून? टीव्हीच्या काचेवर दिसलेल्या अक्षरांवरून! ती लाज धुऊन काढायला म्हणून कपाटातून कॅसेट काढली आणि आपल्या हातानं त्याला दिली. म्हटलं, "ऑफिसचं मशीन तूच जोडणार ना? मग ही आधी तिथं चालवून बघ." एरवी मी ती कॅसेट सुमनलाही हाताळू देत नसे.

शुक्रवारी अकरा वाजता मालकांच्या केबिनमध्ये आम्ही सात-आठ जण उभे होतो. वसंतानं बटण दाबलं. स्क्रीनवर पहिली ओळ आली... त्याचं नाव. दोन्ही बाजूंना तीन-तीन चांदण्या. दसऱ्याला दिसलं होतं अगदी तस्संच.

"भाळ छलो ऐति, वसंत!" फार छान झालंय, म्हणत मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी म्हणालो, "साहेब, हे मी लिहिलंय." वसंता माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो, टायपिंगला यानं खूप मदत केली." सगळे कौतुकानं माझ्याकडे बघून हसले. मी परत तोंड उघडलं, पण स्क्रीनवरच्या नावापुढं स्टोअरकीपरचं कोण ऐकतंय? केसानं गळा कापला हो माझा. महिन्याभरात त्याला नवं टेबल मिळालं, पंखा मिळाला. मी परत ग्रीसच्या डब्यांत.

तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. मग एकदा उणकलच्या तळ्याच्या बांधावर त्यानं मला गाठलं, सायकलचं हँडलच धरून ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "शिव्या दे, मार मला. पण बन्नी देताना माझ्या मनात पाप नव्हतं रे, पोरांची शपथ."

"मग कधी आलं?"

"तू विचारलंस ना... तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की असंही करता येईल. घरी गेलो, झोप लागेना. बुधवारी ऑफिसचं मशीन जोडलं आणि पुस्तकात बघून नाव बदललं."

"आणि चांदण्या?"

"बोटं आपोआप गेली. का विचारतोस?"

मी हँडल सोडवून घेतलं आणि निघून आलो.

त्यानंतर या क्षेत्रातल्या पुष्कळ शिकलेल्या माणसांना विचारलं. वायर काढलेल्या मशीनमध्ये प्रोग्राम राहूच शकत नाही, म्हणतात. आणि जे नाव अजून कुणी टाइपच केलेलं नाही, ते दिसणं तर लांबच. सुमन म्हणते, मशीननं सावध केलं, तुम्ही ऐकलं नाही. मला ते पटत नाही. सावध केलं नसतं तर मी विचारलं नसतं, आणि विचारलं नसतं तर त्याला सुचलंही नसतं. मग त्या सकाळी मला नक्की कुणी फसवलं? मला अजून कळलेलं नाही. पण शिव्या घालायला मला वसंताच सापडतो, आणि त्याला मी माफ केलेलं नाही.