हिरूला बोलावणं

सखुबाई गाण्याआधी घसा असा खाकरते, की वाटावं नदीवरचा जुना डिझेल पंप चालू होतोय. मला तो आवाज अचूक काढता येतो. "काढ गो अक्षदा, माजा आवाज काढ," असं तीच म्हणायची आणि पोट धरून हसायची.

सखुबाई आमच्या बांधपाड्याची धवलारीण. आंबिवलीच्या पुढे, काळू नदीच्या कडेला आमची तीस घरं. लग्नात पूर्वजांना मांडवात बोलावणं तिचं काम. ती नाव गाते, बायका मागून म्हणतात. ज्यानं आधी येऊन जमीन कसली, त्याचं नाव आधी. सगळ्यांत पहिली हिरू, सखुबाईच्या सासऱ्याची आजी. तिनं एकटीनं नदीला बांध घातला, भात पिकवलं, मग बाकीचे आले. हे कुठे लिहिलेलं नाही. सखुबाईच्या गळ्यात आहे, बस.

गेल्या वर्षी हरिहरकाका मोबाईल घेऊन आला. देवळात गावच्या इतिहासाची पाटी लावायची होती. "काकी, तू गेलीस की सगळं जाणार, बरोबर ना? रेकॉर्ड करून ठेवू, बरोबर ना?" तीन दुपारी तिच्या ओटीवर बसून त्यानं सगळं भरून घेतलं. वर सुकटीची चटणीही चापली.

पाटी लागली. सखुबाईला वाचता येत नाही, म्हणून मी वाचली. 'मूळ पुरुष : महादू.' म्हणजे हरिहरकाकाचा पणजा. गाण्यात तो चौथा. हिरू नव्हतीच.

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचली.

बाजूला उभा हरिहरकाका म्हणाला, "अगं काकी, मूळ पुरुष म्हणून बाईचं नाव कसं टाकणार? बरोबर ना?"

"पाटी तुजी. गानं माजं हाय," सखुबाई म्हणाली. "तुज्या पोरीच्या, देवयानीच्या हळदीला ऐक."

हळदीला ती नवं लुगडं नेसून आली. मांडवात बसली, घसा खाकरला, आणि स्पीकरमधून तिचाच आवाज आला, "महादू, ये रं मांडवी..." त्याच्या आधीची तिन्ही नावं कापून टाकलेली. ज्यांच्या लग्नात तिनं हिरूला बोलावलं होतं, त्याच बायका मागून म्हणाल्या, "महादू, ये रं मांडवी." एकीचीही जीभ अडखळली नाही.

मला राहवलं नाही. तिच्याच आवाजात, पंपासकट, मी ओरडले, "हिरू, ये गो मांडवी!"

अख्खा मांडव हसला. "ही अक्षदा ना! सेम टू सेम!"

सखुबाई उठली. माझ्यापाशी थांबली. "त्यानं माजा आवाज चोरला," म्हणाली. "तू त्याचं हसं केलंस."

त्यानंतर चार लग्नं झाली. चारही मांडवांत स्पीकरच वाजला. मी रोज तिच्या ओटीवर जाते. काल ती तांदूळ पाखडत असताना विचारलं, "आजी, माझ्या लग्नात तरी गाशील ना?"

तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तुला येतो ना माजा आवाज? तुजं तूच गा."