सरांचा आवाज बसला त्या हिवाळ्यात

भूकंपानंतरच्या जूनमध्ये मी अकरावीसाठी लातूरला आलो. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. आमच्याकडे घरं पडली नाहीत, भिंतींना भेगा गेल्या. पण त्यानंतर कितीतरी महिने आम्ही अंगणातच झोपलो. तेव्हापासून मला दोन सवयी लागल्या. कुठंही गेलो तरी दाराजवळ बसायचं, आणि बसलो की पाय हलवत राहायचं. घरचे ओरडायचे. पाय थांबायचा नाही.

लातूरला तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. पहाटे साडेपाचला रस्ते सायकलींनी भरायचे. धर्माबाद, उदगीर, परभणी, कुठून कुठून आलेली पोरं एका खोलीत तिघं-चौघं राहायची. माझा खोलीतला जोडीदार धर्माबादच्या मिरचीच्या अडत्याचा मुलगा होता. त्यानंच मला पहिल्या आठवड्यात सरांकडे नेलं.

सर फिजिक्स शिकवायचे. पेंडीच्या गोदामावर एक लांबलचक हॉल होता, वर पत्रे, त्यात तीनशे पोरं. सर बारीक अंगाचे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. दिसायला काहीच नाही. पण बोलायला लागले की हॉल गप्प. आवाज भरदार, आणि तो कुठं वर न्यायचा, कुठं एकदम खाली आणायचा, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. एखादं समीकरण शेवटच्या ओळीपर्यंत आणलं की ते थांबायचे, खडू कानावर ठेवायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "आता जातंय कुठं?" मग शेवटची ओळ लिहायचे. पोरं बाकं वाजवायची.

महिन्याभरात आमची पंधरा जणांची टोळी झाली. स्वतःला आम्ही सरांचे फॅन म्हणवून घ्यायचो. सगळ्यांच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. मेसमध्ये भाकरीचा शेवटचा तुकडा उचलला की कुणीतरी म्हणणारच, "आता जातंय कुठं?" सरांच्या वाढदिवसाला आम्ही गोदामाच्या दारावर फलक लावला, शाल-श्रीफळ दिलं. समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या सरांच्या पोरांशी आमची एकदा हाणामारीसुद्धा झाली, कुणाचे सर मोठे यावरून.

या टोळीत माझा मान मोठा होता, कारण मला सरांची नक्कल हुबेहूब यायची. सर सकाळी पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढतात, घसा खाकरताना डावीकडं बघतात, त्यांचं मूळ गाव कुठलं, हे सगळं मला माहीत. फिजिक्स मात्र मला फारसं येत नव्हतं. ते तेव्हा लक्षात यायचं नाही. सर बोलत असताना सगळं समजतंय असंच वाटायचं.

त्याच वर्गात एक मुलगी होती. भूकंपात जी गावं गेली त्यातल्या एका गावची. घर पडलं होतं, घरातली दोन माणसं गेली होती. आईवडील पत्र्याच्या शेडमध्ये आणि ही शिकायला लातूरला मामाकडं. मामा कारकून. मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसायची आणि मान खाली घालून लिहीत राहायची. सरांनी विनोद केला, सगळे हसले, तरी ही लिहीतच. आम्हाला तिचा राग यायचा. जोडीदार म्हणायचा, "हिला सरांची काही किंमतच न्हाई."

लहरींचा धडा चालू होता. सरांनी त्या दिवशी भूकंपाचं उदाहरण घेतलं. आवाज इतका खाली आणला की मागच्या पोरांना पुढं वाकावं लागलं. आधी जमीन हलली, असं ते सांगत होते, मग क्षणभर शांतता, आणि मग पाठोपाठ तो आवाज, दगडी भिंती कोसळल्याचा. असं म्हणून त्यांनी टेबलावर जोरात हात आपटला. सगळा हॉल दचकला. माझ्या अंगावर काटा आला. मीच पहिल्यांदा टाळी वाजवली.

ती मुलगी उभी राहिली.

"सर, तसं न्हाई झालं," ती म्हणाली. "आवाज आधी आला. मी पाणी प्यायला उठले होते. आधी जमिनीखालून घरघर ऐकू आली, ट्रक आल्यासारखी. मी दाराकडं बघितलं. मग हललं."

सर "बस," एवढंच म्हणाले. मागून कुणीतरी हुर्यो केली. आम्ही पंधराजण बाहेर आल्यावर तिच्यावर घसरलो होतो. एवढा रंगलेला तास तिनं घालवला होता.

दुसऱ्या दिवशी सर आले ते हातात एक जाड पुस्तक घेऊन. हजेरीच्या आधीच म्हणाले, "काल मी चुकीचं सांगितलं. त्या पोरीनं सांगितलं ते बरोबर आहे. दोन लहरी निघतात. एक वेगानं येते, तिचा थोडा भाग हवेत शिरतो, तीच ती घरघर. घरं पाडणारी दुसरी, ती मागून येते." मग तिच्याकडं वळून विचारलं, "मध्ये किती वेळ गेला असेल?"

तिनं थोडा विचार केला. "तांब्या खाली ठेवेपर्यंत."

सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं आणि त्यावरून लहर किती लांबून आली असेल त्याचा अंदाज कसा काढायचा ते शिकवलं. तो तास रटाळ झाला. आकडेमोडच जास्त होती. टाळी पडली नाही. मी पाय हलवत घड्याळ बघत बसलो.

बारावीला दिवाळीनंतर सरांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी आहे. मग आठ दिवस क्लास बंद. सोलापूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं, शस्त्रक्रिया केली आणि तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही म्हणून बजावलं. गोदामाच्या दारावर सरांच्या अक्षरातला कागद लागला: वर्ग सोमवारपासून सुरू होईल. मी लिहीन.

सोमवारी हॉल भरलेला होता. सर आले, गळ्याला मफलर. हसले, हात जोडले आणि फळ्याकडं वळले. मग नुसता खडूचा आवाज. तीनशे पोरांत नुसता खडूचा आवाज कसा ऐकू येतो ते मला सांगता येणार नाही. मी दाराजवळच्या बाकावर होतो. माझ्या पायानं बाक हलत होतं, त्याची करकर खडूच्या आवाजात मिसळत होती. सर एक ओळ लिहायचे, मागं वळून आमच्याकडं बघायचे, समजलं का असं भुवयांनी विचारायचे, पुढची ओळ लिहायचे. मला एक अक्षर समजत नव्हतं. इतके महिने मला काहीच समजत नव्हतं, हे त्या दहा मिनिटांत मला कळलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटच्या ओळीशी सर थांबले, खडू कानावर ठेवला. आणि माझ्या तोंडून निघालं, अगदी त्यांच्याच आवाजात: "आता जातंय कुठं?"

हॉल फुटला. पोरं बाकं बडवून हसली. सर वळले. कोण बोललं ते शोधायची त्यांना गरजच नव्हती, तशी नक्कल दुसऱ्या कुणाला येत नव्हती. माझ्याकडं त्यांनी बघितलं, रागानं नाही. वर्ग गप्प होईपर्यंत वाट बघितली आणि शेवटची ओळ लिहिली.

त्या आठवड्यात हॉल अर्धा रिकामा झाला. जोडीदार म्हणाला, "बोर्डाला तीन महिने राहिलेत. बसून काय करायलास तिथं? समोरच्या गल्लीत चल." ज्यांच्या पोरांशी आम्ही मारामारी केली होती, तेच ते सर. आम्ही पंधराच्या पंधरा तिकडं गेलो. तिथल्या पोरांना माझी कला माहीत होती. मधल्या सुट्टीत त्यांनी फर्माईश केली, आणि मी गळ्याला रुमाल बांधून, तोंड बंद ठेवून, फळ्यावर लिहिणाऱ्या सरांची नवी नक्कल करून दाखवली. सगळे हसले. मीही हसलो. रात्री जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फर्माईश झाली तेव्हा पुन्हा करून दाखवली.

जानेवारीत एकदा सकाळी सात वाजता मी गोदामाखालून चाललो होतो. वरून मुलीचा आवाज आला. मी सायकल लावून जिना चढलो.

हॉलमध्ये वीसेक पोरं होती, सगळी पुढं सरकून बसलेली. सर फळ्यावर लिहीत होते आणि ती मुलगी फळ्याच्या बाजूला उभी राहून बोलत होती. सरांसारखं अजिबात नाही. सपाट, घाईचं, आमच्या भागातलं बोलणं. "इथं सरांनी चिन्ह बदललंय. का बदललंय? कारण दिशा उलटी झाली. ज्याला समजलं न्हाई त्यानं हात वर करा." दोन हात वर झाले. सरांनी पुसून पुन्हा लिहिलं. तिनं वाचलं, थांबली आणि सरांकडं वळून म्हणाली, "सर, हे मला पटलं न्हाई." सरांनी खडूनं फळ्यावर टकटक केलं, एका ओळीखाली रेघ मारली. ती म्हणाली, "ते आलं लक्षात. पण ही मधली पायरी?" सर फळ्याकडं बघत राहिले, मग डोकं खाजवून त्यांनी मधली पायरी घातली. कुणीही टाळी वाजवली नाही.

सरांना मी दारात दिसलो. त्यांनी हातानं खूण करून एक रिकामं बाक दाखवलं. ते मधल्या रांगेत होतं.

"वही घेऊन येतो, सर," मी म्हणालो.

खाली आलो, सायकल काढली आणि पुन्हा तिकडं फिरकलो नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. मला नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला कसाबसा प्रवेश मिळाला, नोकरी लागली, तीन वेळा बदलली, गावंही बदलली. सरांचा आवाज परत आला, पण चिरका आणि बारीक. त्यांचा हॉल पुन्हा कधी भरला नाही. तिकडं मोठमोठे क्लास उभे राहिले, रस्त्यांवर पोरांचे फोटो लागले. सर वीस-पंचवीस पोरांना शिकवत राहिले.

काही वर्षांपूर्वी माझ्या त्या जोडीदारानं मोबाइलवर सरांच्या फॅनचा ग्रुप काढला. बघता बघता दीडशेजण झाले. रोज कुणी ना कुणी सरांबद्दल लिहायचं: असा शिक्षक होणे नाही, आमच्या आयुष्याला वळण दिलं. सर्वांत लांब मी लिहायचो. मग लातूरला मंगल कार्यालयात मेळावा झाला. सर पहिल्या रांगेत बसले होते, फेटा बांधलेला. लोकांनी मला मंचावर ढकललं. मी बाह्या दुमडल्या आणि दहा मिनिटं सरांचा जुना आवाज काढला. लोक रडेपर्यंत हसले.

खाली उतरून मी सरांच्या पाया पडलो. ते कानाशी येऊन त्या बारीक आवाजात म्हणाले, "आवाज छान जमलाय. पण वर जे समीकरण तू सोडवत होतास, ते कशाचं होतं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. ते खरंच उत्तराची वाट बघत होते. मी काहीबाही शब्द एकामागं एक लावले होते, त्यात समीकरण नव्हतंच. तेवढ्यात सत्कारासाठी त्यांना वर बोलावलं.

जाता जाता मी विचारलं, "सर, ती आली नाही?"

"तिचे तास असतील," ते म्हणाले. "मे महिन्यात येते. दोन दिवस नुसते भांडतो आम्ही."

ती नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. कंपनीच्या कामानं तिकडं गेलो तेव्हा भेटायला गेलो. स्टाफरूममध्ये ती पेपर तपासत होती.

"तुम्ही ते नक्कल करणारे ना?" तिनं लगेच ओळखलं.

मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, "तुम्ही तेव्हा थांबलात कशा? सगळे गेले."

तिला प्रश्नच नीट कळला नाही. "थांबले म्हणजे? माझं शिकून झालं नव्हतं ना." मग पेन खाली ठेवून म्हणाली, "आमचं गाव पडलं ते कशामुळं, हे ज्याला त्याला सांगायचं असायचं. कुणी पाप म्हणायचं, कुणी आणखी काय. ह्या माणसानं चुकीचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. असं कुणी केलेलं मी बघितलं नव्हतं." तिनं विचारलं, "तुम्हाला काय आवडायचं त्यांचं?"

"आवाज," मी म्हणालो.

"आवाज चांगलाच होता," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "तुम्ही गेल्यावर जानेवारीभर विचारायचे. पाटीवर लिहून. दाराजवळचा तो पोरगा कुठं गेला, त्याला लहरी येत न्हाईत म्हणून."

घंटा झाली आणि ती पुस्तक घेऊन तासाला गेली. तिथल्या एका मास्तरांनी मला चहा दिला. मी तो उभ्यानंच प्यालो.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. वर्गात मी काय बोललो, समोरच्या गल्लीत कशाची नक्कल करून दाखवली, जिन्यावरून कसा परत गेलो. लिहायला दोन दिवस लागले. पाठवलं आणि फोन हातात घेऊन घरभर फिरत राहिलो. तासाभरात पन्नास नमस्कार आले, फुलं आली, अंगठे आले. कुणी लिहिलं, काय लिहितोस, डोळ्यांत पाणी आलं. कुणी लिहिलं, जुने दिवस आठवले. जोडीदारानं लिहिलं, पुढच्या मेळाव्यात ती मफलरची नक्कल पण होऊन जाऊ दे.