माझा राग आणि ब्रोमाइडची बाटली

“सिस्टर, तुम्हाला नर्व्हस एक्झॉशन झालं आहे,” माझ्या दंडावरचा पट्टा सोडत डॉक्टर म्हणाले. “ब्लड प्रेशरही वाढलंय. राग आवरा. आपल्या कामात राग चालत नाही.”

नर्व्हस एक्झॉशन म्हणजे मन आणि मज्जातंतू थकून जाणं. ब्लड प्रेशर म्हणजे रक्ताचा दाब. मी स्वतः नर्स, मला हे शब्द कोणी समजावायची गरज नव्हती. पण चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात पेशंटच्या स्टुलावर बसून ते ऐकताना माझी कानशिलं तापली. हा राग आला कुठून, हे त्यांनी विचारलंच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी मी सांगते. तुमच्यातल्या ज्या मुली आज हेच काम करतात, त्यांच्यासाठी सांगते.

गडचिरोलीच्या पुढे, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात मी एकटी नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. पावसाळा संपता संपता हिवतापाची रांग लागली आणि माझा हात इंजेक्शन देताना थरथरू लागला. सकाळी उठले की जबडा दुखायचा. झोपेत मी दात आवळून धरत होते. नंतर बसल्या जागी छाती धडधडू लागली. मी कोणाला बोलले नाही. नर्सनं हसतमुख असावं, असं आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं.

मग थंडीत मैनीला आणलं.

मैनी जवळच्याच गोंड पाड्यातली. नवरा चैतू आणि त्याच्या भावांनी तिला खाटेवर घालून आणलं होतं. ट्रान्सव्हर्स लाय, म्हणजे मूल पोटात आडवं. माझ्या हातून होण्यासारखं नव्हतं, ऑपरेशन लागणार होतं. नदीवर रपटा, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल, बांधलेला होता, रस्ता उघडा होता आणि दवाखान्याला सरकारनं जीप दिलेली होती.

जीप तेवढी जागेवर नव्हती. आदल्या दिवशी एक बडे साहेब शिकारीला आले होते, ते ती घेऊन गेले होते.

“येतेच आता, सिस्टरबाई,” आमच्या दवाखान्याचा चपराशी म्हणत राहिला. चैतू दर थोड्या वेळानं रस्त्यापर्यंत जाऊन यायचा. मी मैनीची नाडी धरून बसले. ऊन कलल्यावर जीप आली. मागच्या जागेवर मेलेलं चितळ होतं. ते उतरवलं, रक्तावर पोतं टाकलं आणि त्यावर आम्ही मैनीला निजवलं.

साहेब म्हणाले, “अरे, आधी सांगायचं ना!”

मी “हो साहेब” म्हणाले.

चांद्याला ऑपरेशन झालं. मैनी वाचली. मूल गेलं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर माझे पाय लुळे पडले, छातीत घण बसू लागले आणि त्याच दवाखान्यात मीही भरती झाले. खाट मिळाली ती मैनीच्या शेजारची.

औषध होतं ब्रोमाइड. ते मेंदूला सुस्त करतं. चव खारट, जीभ जड. मी दिवसभर लोळत पडायचे आणि राग मात्र तसाच जागा.

एके सकाळी डॉक्टर मैनीकडे बोट दाखवून मला म्हणाले, “हिच्याकडून शिका. मूल गेलं, तरी किती शांत आहे.”

ते पुढच्या खाटेकडे गेले. मैनीनं मान वळवली.

“शांत नाई मी,” ती म्हणाली. “माह्याशी कोणी बोललंच नाई. त्यायले वाटते मले मराठी समजत नाई.”

तिनं माझ्या बाटलीकडे पाहिलं.

“जीप तर सायबानं नेली. मंग बिमार तू काऊन होऊन राह्यली, बाई? त्याले सांग ना.”

मी तोंडावर पदर घेऊन रडले. मग मैनीही रडली, मोठ्यानं, गोंडीत काही बोलत. वॉर्डातली आया गप्प करायला आली, तिला मी हातानंच परत पाठवलं.

माझ्या जंगलातल्या दवाखान्यात परतले आणि थोड्याच दिवसांत साहेबांचा चपराशी पुन्हा जीपची चावी मागायला आला. चावी मी माझ्याकडे ठेवली होती.

“जीप पेशंटची आहे,” मी म्हणाले. “मागच्या वेळी तुमच्या साहेबांच्या शिकारीपायी एक मूल गेलं. हे जसंच्या तसं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.”

आवाज चढला होता. चढू दिला. आमच्याकडे आठवड्याला येणारे डॉक्टर नंतर म्हणाले, “सिस्टर, तुमची प्रकृती अजून ठीक दिसत नाही.” मी म्हणाले, “प्रकृती ठीक आहे. चिडले आहे.” त्या दुपारी मी ताटभर भात जेवले आणि गाढ झोपले.

माझी बदली सिरोंच्याला झाली. कारण कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. छातीची धडधड हळूहळू गेली. हात अधूनमधून थरथरतो.

मुलींनो, झोप घ्या, दाब तपासून घ्या, औषध टाळू नका. रोग्यावर कधी ओरडू नका, त्याचा काही दोष नसतो. पण ज्याचा दोष आहे, त्याच्यासमोर “हो साहेब” म्हणू नका. मी म्हटलं होतं, आणि त्या म्हणण्यानंच मला खाटेवर पाडलं.

मैनीला पुढे मुलगी झाली, असं चैतूनं सिरोंच्याकडे येणाऱ्या एका गाडीवानाकडून कळवलं. निरोपात एवढंच होतं की मुलगी फार रडते, सारा पाडा जागा ठेवते, आणि मैनी तिला गप्प करत नाही.