मासे नसलेली टाकी

आमच्या काचेच्या टाकीपुढे जो वाकतो तो मासे शोधतो. काल शेजारच्या सुमनकाकूंनी तर आवाज खाली आणून मला विचारलं, "सगळे मेले का गं?"

मासे नव्हतेच कधी. मी त्या पाण्यात झाडं लावली आहेत, आणि त्यांचा मला माशांपेक्षा जास्त अभिमान आहे. दुकानातून आणलेलं पाणझाड नव्या टाकीत आधी जुनी पानं सोडतं. ती पिवळी पडून विरघळतात, पाणी गढूळ होतं. नवखा माणूस नेमका तेव्हाच घाबरून झाड उपटतो. "सडलंय ते, टाकून दे," असं सासूबाई मला रोज सांगायच्या. मी फक्त सडकी पानं कापत राहिले, मुळांना हात लावला नाही. नव्या जागी आलेलं कुणीही आधी थोडं कोमेजतंच. या घरातलं माझं पहिलं वर्ष मी तसंच काढलं होतं. मग एका सकाळी वाळूतून पोपटी कोंब वर आला. त्याची पानं याच पाण्यात जन्मलेली होती.

काकूंना हे कसं सांगावं, याचा विचार करत होते, तोवर मटार सोलणाऱ्या सासूबाईच म्हणाल्या, "मासे कशाला हवेत? ही आमच्या झाडांची टाकी आहे. दिवा लाव गं, दाखव त्यांना."

मी टाकीवरचा दिवा लावला. थोड्या वेळाने पानापानाच्या कडेला प्राणवायूचे बारीक, चमकते बुडबुडे धरले. काकू वाकूनच राहिल्या. सासूबाई मात्र टाकीकडे न बघता काकूंचा चेहरा बघत होत्या.